टाकेवाल्या आशूरचं नाव

माझी सासू झीवर एका गोष्टीत पटाईत होती, ती म्हणजे बायकांना रडवणं. आमच्या शोरकी बंदरात कुणाकडे माणूस गेलं किंवा मुहर्रमचे दिवस आले की पहिला निरोप आमच्या दारात यायचा, "मुल्लाला पाठवा." बायकांच्या बैठकीत शोकाची कवनं म्हणणारीला आमच्या किनाऱ्यावर मुल्ला म्हणतात. झीवर जायची, भिंतीला पाठ टेकून बसायची, गुडगुडीचे दोन झुरके घ्यायची आणि चादरीचं टोक दातांत धरून बैठकीवरून एकदा नजर फिरवायची. कोण कोरडी आहे आणि कोण काठावर आली आहे, हे तिला तेवढ्यात कळायचं. काठावरचीला धरून ती सुरुवात करायची. ती एक फुटली की बाकीच्या आपोआप.

घरी मात्र ती कधी रडली नाही. मासे साफ करताना, खजूर निवडताना तिची टकळी अखंड चालू. "रडणं हा माझा धंदा आहे पोरी," ती मला म्हणायची. "हलवाई घरी येऊन मिठाई खातो का?"

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण फारसी आणि अरबी दोन्ही जिभेवर होत्या. आई अरबांच्या आळीतली, बाप इकडचा. त्यामुळे गावाच्या दोन्ही टोकांना तिला मान होता.

तिची वर्षातली सगळ्यांत मोठी बैठक आमच्याच अंगणात भरायची, रईस मंदनींच्या स्मरणाची. उन्हाळा उतरत आला, खजूर काळे पडायला लागले, की तो दिवस येतो. रईस आमच्या बंदराचे पुढारी. पन्नास वर्षांपूर्वी इंग्रज गलबतांतून उतरले, जकातीचं नाकं घेतलं, तारेचे खांब रोवले, तेव्हा साठ माणसं घेऊन खजुरीच्या बागांतून चार महिने त्यांनी इंग्रजांना पुढे सरकू दिलं नाही. हे अगदी खरं आहे. यात कुणी काही वाढवलेलं नाही.

त्यांच्यावर दोन कविता आहेत. एक फारसी, शिराझच्या कवीची. ती वर्तमानपत्रात छापून आली आणि बघता बघता सगळ्या दक्षिण किनाऱ्याला पाठ झाली. दुसरी अरबी, बसऱ्याच्या कुणा कवीची. ती गलबतांबरोबर खाडी ओलांडून आली, कवीचं नाव वाटेतच कुठे पडलं. फारसी कवितेत रईस म्हणजे सुरूचं झाड, पांढऱ्या घोड्यावर बसलेलं. त्यांचं रक्त सांडतं तिथे लाल फुलं उगवतात, आणि चंद्र खाली उतरून त्यांचं तोंड धुतो. अरबी कवितेत ते सिंह आहेत, ससाणा आहेत, म्यानाबाहेरची तलवार आहेत. खजुरीची झाडं त्यांच्यापुढे माना झुकवतात आणि कवी विचारतो, या रक्ताचा हिशोब कोण चुकता करणार? एकीनं डोळे भरतात, दुसरीनं मुठी वळतात. झीवर आधी फारसी म्हणायची, मग अरबी. आधी रडवायचं, मग पेटवायचं.

बीबी माने नावाची एक म्हातारी दर वर्षी घोड्याच्या ओळीला पुटपुटायची, "घोडा कुठला गं? रईसांकडे गाढव होतं, तेही लंगडं."

"गप गं बीबी," बाकीच्या म्हणायच्या. "गाढवावर कुणी कविता करतं का?"

दोन्ही कवितांत एक गोष्ट मात्र सारखी होती. रईस तहानेनं मेले. जखमी होऊन उन्हातून ते पावसाच्या पाण्याच्या टाक्यापाशी आले आणि टाकेवाल्या आशूरनं दार लावून घेतलं, किल्ली इंग्रजांना दिली.

*कुलूप टाक्याला, किल्ली आशूरच्या मुठीत;*
*ओठ फुटले रईसांचे, ओल्या भिंतीला टेकीत.*

हे फारसी कवितेचं. बसऱ्याचा कवी एवढ्यावर थांबला नाही. सूड घ्यायचा तर घराणं हवं, म्हणून त्यानं घराण्याचं नाव धरलं :

*आशूरच्या घरावर सात पिढ्या कोरडा वारा वाहो,*
*त्याच्या लेकरांच्या घागरीत वाळूच भरून राहो.*

बैठकीत प्रत्येक बाईपुढे गुलाबपाण्याच्या सरबताचा लहानसा पेला ठेवलेला असतो. आशूरचं नाव आलं की तो पालथा घालायचा, अशी रीत पडली होती. तीस-पस्तीस पेले एकदम चटईवर पालथे पडायचे. लग्न होऊन शिराझहून आले त्या पहिल्याच वर्षी तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी कॉलेजात फारसी शिकले होते, ही कविता वाचून परीक्षेत तिच्यावर उत्तरही लिहिलं होतं. आपण त्याच कवितेच्या घरात सून म्हणून आलो याचा मला अभिमान वाटला, आणि मीही माझा पेला मोठ्या भक्तीनं पालथा घातला.

त्या अंगणापासून चार घरं सोडून, टाक्याच्या मागच्या बाजूला गुलाबतून राहायची. आशूरची मुलगी.

ती कुवेतला वाढली होती. नवरा गेल्यावर, चाळिशीला टेकली असताना, बापाच्या पडक्या घरात परत आली. खजुरीच्या पानांच्या चटया विणायची. तिच्यासारखी घट्ट वीण कुणाची नव्हती, म्हणून चटया सगळ्या तिच्याकडूनच घ्यायच्या. आमच्या बैठकीत ज्या चटयांवर पेले पालथे पडायचे, त्याही तिच्याच. पण तिच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. उन्हातून चटई घ्यायला गेलेल्या बाईपुढे तिनं वाटी धरली की ती म्हणायची, "नको, आज माझा रोजा आहे." गुलाबतून एकदा मला म्हणाली होती, "या गावात रमजान बारा महिने असतो बघ." मी हसले आणि मीही पाणी प्यायले नाही.

शाळेला रईसांचं नाव द्यायचं ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. शाळेचे मुख्याध्यापक बहमन्यार मास्तर आमच्याकडे आले. टाक्याच्या घुमटावर संगमरवरी दगड बसवायचा, त्यावर शिराझची कविता कोरायची, सगळीच्या सगळी. दगड कोरणाऱ्याला सुबक अक्षरातला नमुना हवा होता. "तुमचं अक्षर छान आहे वहिनी," मास्तर म्हणाले. मी दोन दुपारी बसून अकरा द्विपद्या लिहून काढल्या. आशूरच्या नावाचं पहिलं अक्षर नीट वळलं नाही, म्हणून तो कागद फाडून परत लिहिला.

चार दिवसांनी गुलाबतून आमच्या दारात उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. झीवर पाटावर बसून मासे साफ करत होती, मी चिंच कोळत होते.

"मुल्ला," गुलाबतून उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "तुझा शब्द चालतो. मास्तर तुझं ऐकतील. त्यांना म्हणावं, घोडा राहू दे, फुलं राहू दे, चंद्र राहू दे. फक्त माझ्या बापाचं नाव दगडावर नको."

झीवरनं मान वर केली नाही. "कविता आहे गं. त्यातली ओळ कशी काढायची?"

"तोंडातलं एक दिवस संपतं, मुल्ला. बैठक उठली की पेले धुऊन ठेवता. दगड धुता येत नाही." मग ती म्हणाली, "माझी नातवंडं येतील कधीतरी कुवेतहून. त्यांना वाचता येतं."

"बघते," झीवर म्हणाली.

"बघ. तुझ्याशिवाय मी कुणाकडे जाऊ? माझा बाप तसा नव्हता, हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे. आईनं मरताना सुद्धा त्याला वाईट म्हटलं नाही, आणि माझी आई कुणाला सोडणारी नव्हती."

ती गेली. झीवरनं मासे साफ केले, धुतले आणि मग तेच मासे परत धुवायला घेतले. त्या दिवशीचं कालवण खारट झालं. माझा नवरा म्हणाला, "दी, काय झालंय तुला?" आम्ही सगळे तिला दीच म्हणायचो, म्हणजे आई. ती म्हणाली, "मीठ सांडलं." पुढचे तीन दिवस तिनं मला एकही टोमणा मारला नाही, तेव्हा मी घाबरले.

चौथ्या दिवशी दुपारी अंगणात खजूर पसरताना मीच विषय काढला. "दी, मास्तरांशी बोललात?"

"काय बोलू? ती ओळ माझी आहे."

मला वाटलं, ती ओळ दर वर्षी म्हणण्याबद्दल बोलतेय.

"म्हणण्याबद्दल नाही गं," ती म्हणाली. "केलेली. शब्द त्या शिराझवाल्याचे, पण आशूर मी दिला त्याला." आणि खजूर पसरायचे थांबवून तिनं सगळं सांगितलं. ती सांगत होती तसंच मी लिहिते आहे.

"मी तेव्हा बेचाळीसची. कवी मोटारीतून आला. मुखियाच्या अंगणात गालिचे पसरले होते. पुरुषांनी त्याला लढाई सांगितली, हावभाव करून, उठून, बसून. मग त्यानं विचारलं, रईस गेले कसे? सगळे गप्प. कारण रईस गेले ते आमच्या घरी, माझ्या आईच्या हातावर, आणि तेव्हाचं बघितलेलं एकच माणूस जिवंत उरलं होतं. मी. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला आतून बोलावलं. पुरुषांच्या बैठकीत माझा आवाज तो पहिल्यांदा.

"मी आधी खरं सांगितलं, पोरी, अल्लाशपथ. म्हटलं, पोटरीला गोळी घासून गेली होती, जखम चिघळली, नऊ दिवस ताप होता. शेवटच्या दोन दिवसांत भ्रम झाला, आईला हाका मारायचे, चिंचेतलं माशाचं कालवण मागायचे. एवढं सांगितलं आणि त्याची लेखणी थांबली. मला म्हणाला, 'ताप?' मी त्याच्याकडे बघितलं. माझा धंदाच तो, कोण कोरडं राहिलं ते बघायचं. तो कोरडा राहिला होता."

"मग?"

"मग मी म्हटलं, त्यांना तहान फार लागली होती. ते खोटं नव्हतं, तापात तहान लागतेच. पण त्याची मान वर आली. आपल्या माणसापुढे तहान म्हटलं की, जिथे इमामांना पाण्यावाचून मारलं ते कर्बलाच उभं राहतं, आणि कर्बला म्हटलं की पाणी अडवणारा कुणीतरी हवाच. तो म्हणाला, 'पाणी कुणी अडवलं?' सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. आणि माझ्या तोंडून आशूरचं नाव गेलं."

"पण आशूरच का, दी?"

तिनं हातातला खजूर खाली ठेवला. "कारण माझ्या डोक्यात आशूर आणि पाणी एकाच जागी होते. तोच आणायचा गं पाणी. नऊच्या नऊ दिवस. टाक्यावर इंग्रजांचे हिंदी शिपाई बसलेले. बायकांसारखी चादर ओढून, आत पखाल लपवून तो यायचा. रईसांच्या तोंडात शेवटचा घोट गेला तो त्याच्या पाण्याचा. पाण्याचं नाव घ्यायचं म्हटल्यावर दुसरा कुणी मला आठवलाच नाही."

माझ्या अक्षरातला कागद दगड कोरणाऱ्याकडे गेला होता.

"मला वाटलं, मेलेला माणूस आहे," ती म्हणाली. "तापाच्या मोठ्या साथीत तो गेला, बायको तान्ही पोर घेऊन कुठे नाहीशी झाली. सगळे म्हणायचे, तीही मेली, पोरही मेली. मागे कुणी नाही, तर लागेल कुणाला? मेलेल्यावर टाकलेला दगड मेलेल्यालाच लागतो असं मला वाटलं. मग वर्षभरानं कविता आली. मुखियानं वाचून दाखवली. ती ऐकून मी रडले, घरी बसून. तेवढंच एकदा. इतकी सुरेख होती. आणि पुढच्या वर्षापासून मीच म्हणायला लागले."

"गुलाबतून परत आली तेव्हा?"

"तेव्हाच मला कळलं की आता बोलायला हवं. पण दर वर्षी म्हणायचे, या वर्षीची बैठक होऊन जाऊ दे."

मी म्हटलं, आपण कवीलाच लिहू. तो हयात होता, शिराझला मोठ्या मानानं राहत होता. त्यानं एक शब्द लिहिला तर मास्तर दगड थांबवतील. झीवरनं सांगितलं, मी लिहिलं. काही लपवलं नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, जाड कागदावर, फार सुंदर भाषेत. त्यात लिहिलं होतं की रईसांच्या मृत्यूची हकिकत वाचून मन द्रवलं. परंतु कवितेतला आशूर हा आपल्या गावचा कुणी इसम नव्हे. प्रत्येक युगात पाणी अडवणारा एकजण असतो, त्याचं ते नाव आहे. घडलेलं विरून जातं, प्रतिमा उरते.

कॉलेजात असते तर मी या वाक्याखाली रेघ ओढली असती.

त्याच दुपारी आम्ही दोघी गुलाबतूनकडे गेलो. ती विणत होती. झीवर चटईवर बसली नाही, उघड्या जमिनीवर बसली, आणि जे मला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं. आवाज न चढवता, न रडता. गुलाबतूनचे हात चालूच होते. संपल्यावर तिनं विचारलं ते भलतंच.

"पाणी कशात आणायचा?"

"पखालीत. तपकिरी होती. एका कोपऱ्याला ठिगळ."

"उंच होता?"

"नाही. खांदे मोठे. चालताना डावा पाय जरा बाहेर टाकायचा."

गुलाबतूननं आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. "बोलायचा?"

"फार नाही. 'प्या रईस, गार आहे,' एवढं म्हणायचा. मला बघून एकदा म्हणाला, 'माझ्याकडेही आता एक पोरगी आलीये.'"

आता तिचे हात थांबले. तिनं हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "हे तुझ्याजवळ होतं. नऊ वर्षं मी तुझ्या दारावरून जाते, आणि हे तुझ्याजवळ होतं."

"हो."

"कुवेतला आमच्या आळीत ती अरबी कविता आली. माझ्या बापाचं नाव कुणालातरी कळलं. सकाळी नळावर गेले तर माझ्या घागरीत वाळू. खरीखुरी वाळू, मुल्ला. कवितेत म्हटलंय म्हणून. दर दोन-चार दिवसांनी. मी नवऱ्याला म्हटलं, मला माझ्या बापाच्या गावाला जाऊ दे, तिथे माणसं त्याला ओळखत असतील."

मी कवीचं पत्र वाचून दाखवलं. ते वाचायची तेव्हा काही गरज नव्हती, पण मला दुसरं काही सुचेना. 'प्रत्येक युगात पाणी अडवणारा एकजण असतो' इथे गुलाबतून म्हणाली, "त्या प्रत्येकाला मुलगी नसते ना. मला आहे बाप. एकच."

मग ती उठली, माठातून दोन वाट्या भरल्या आणि आमच्यापुढे आदळल्या. "प्या."

आम्ही प्यायलो. पाणी चांगलं गार होतं. ती आमच्या घशांकडे बघत उभी राहिली.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "माझा बाप कसा होता ते मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

मास्तरांकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला. "मुल्ला, तुमचं वय झालं," ते मायेनं म्हणाले. "माणसाला या वयात काहीबाही आठवतं. कविता पाठ्यपुस्तकात आहे. आणि समजा खरं असलं, तर दगडावर काय लिहू? रईस तापानं गेले? कालवण मागत गेले? मुलं हसतील."

"हसू देत," झीवर म्हणाली. "कालवण मागणारा माणूस चार महिने लढला, हे मोठं नाही का?"

मास्तर हसले आणि तिच्या पेल्यात आणखी साखर घातली. महिन्याभरात दगड बसला. अक्षर माझं होतं, हुबेहूब. दुसऱ्यांदा लिहिलेला 'आ' खरोखरच सुरेख वळला होता.

त्या वर्षीची बैठक नेहमीसारखी आमच्या अंगणात भरली. झीवरनं फारसी कविता धरली, घोडा झाला, फुलं झाली, बीबी माने गाढवाबद्दल पुटपुटली, बायका भिजल्या. कुलपाच्या ओळीपाशी झीवर थांबली आणि म्हणाली, "ही ओळ खोटी आहे. मी सांगितली होती, म्हणून आहे." आणि पखालीचं, तापाचं, सगळं सांगितलं.

कुणी रडेना. शेवटी बीबी मानेच म्हणाली, "मग आम्ही वीस वर्षं कशासाठी रडलो गं?"

"रईसांसाठी रडलात."

"ते होतंच. पण जास्त त्या पाण्यासाठी."

"मुल्ला, आज नको हे," मागून कुणीतरी म्हणालं. "पुढची ओळ घे."

झीवरनं ती घेतली नाही. तेव्हा शहरनाझनं घेतली. ही झीवरच्याच हाताखाली शिकलेली, गोड गळ्याची तरुण मुल्ला. कुलूप टाक्याला, किल्ली आशूरच्या मुठीत. पेले पालथे पडले. झीवरचा आणि माझा तेवढा उभा राहिला, आणि मला कबूल करायला हवं, माझा हात आधी पेल्याकडे गेला होता.

त्यानंतर त्या दिवसाची बैठक आमच्याकडून गेली. एरवी माणूस गेल्यावर झीवरला बोलवायचे, पण रईसांच्या दिवशी शहरनाझचं अंगण. झीवरनं हिवाळाभर एकच काम केलं. दुपारचं जेवण आटोपलं की चादर घ्यायची आणि एका घरी जायचं. रोज एक घर. आशूर पाणी आणायचा, हे सांगायचं आणि उठायचं. काही जणी चहा द्यायच्या, काही जणी तिला बघून दार लोटून घ्यायच्या. अरबांच्या आळीत एकीनं तिला तोंडावर सुनावलं, "आमची कविता तुझ्या खोट्यावर उभी आहे म्हणतेस? मग आमच्या कवीची लाज काढलीस तू." झीवर म्हणाली, "माझी निघाली, आता त्याची कशी राहील?" आणि तिथेही आशूरचं सांगूनच उठली.

मी म्हटलं, "दी, तब्येत सांभाळा."

"पसरवायला एक दुपार लागली होती," ती म्हणाली. "गोळा करायला किती लागतात बघू."

पुढच्या वर्षी आम्ही शहरनाझच्या अंगणात, पार मागे, चपलांपाशी बसलो. शहरनाझ त्या ओळीवर आली तशी झीवर बसल्या जागेवरून ओरडली, "तिथे माझं नाव घे! आशूरचं नाही, झीवरचं!"

शहरनाझ गडबडली. पुढे कुणीतरी खुदकन हसलं. "झीवर त्या ओळीत बसत नाही मुल्ला!"

"मग ओळ मोडा," झीवर म्हणाली. "पेले पालथे घालायचे तर माझ्या नावानं घाला. मी बसलेय इथे."

शहरनाझनं डोळे मिटून ओळ पुरी केली. पेले पालथे पडले, पण एकदम नाही. इकडे एक, तिकडे दोन, अडखळत, जिन्यावरून उतरल्यासारखे. मी मान उंच करून मोजले.

परतताना झीवर घरी न येता सरळ टाक्यामागे वळली. गुलाबतून दारातच विणत होती. तिनं विचारलं नाही. झीवरनंच सांगितलं.

"सात उभे राहिले."

"तुम्ही दोघी धरून?"

"आम्हांला सोडून."

"कोण कोण?"

झीवर बोटांवर नावं घेत गेली. पाचव्या नावाला गुलाबतून म्हणाली, "ती? ती तर माझ्या दारावरून नाक मुरडत जाते."

"तीच. बीबी मानेनं पण ठेवला. म्हणाली, गाढवाबद्दल मी खरं बोलत होते, तेव्हा माझंही कुणी ऐकलं नाही."

गुलाबतूनच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण ते हसू नव्हतं. झीवर उभीच होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं ती काय मागणार आहे, आणि तिनं ते मागू नये असं मला फार वाटलं.

"गुलाबतून," ती म्हणाली, "मला माफ..."

"ते आज नको," गुलाबतून म्हणाली. तिनं पानाची नवी पट्टी घेतली, पाण्यात बुडवली. "पुढच्या वर्षीची बैठक कुणाकडे?"

"शहरनाझकडेच."

"मग पुढे जाऊन बस. मागून आवाज पोचत नाही."